जुन्या मोटरबोटीचे पुनरुज्जीवन : आधी तळ, मग चकाकी

अमेरिकेच्या उत्तरेकडील सरोवरांकाठच्या कोठारांमध्ये ताडपत्रीखाली झाकलेल्या महोगनी लाकडाच्या मोटरबोटी आजही सापडतात. मिशिगन राज्यातील अल्गोनॅक येथे ख्रिस्तोफर कोलंबस स्मिथ आणि त्यांच्या पुत्रांनी १९२२ मध्ये स्थापन केलेली, पुढे ‘ख्रिस-क्राफ्ट’ या नावाने ख्यातनाम झालेली कंपनी या परंपरेतील अग्रणी होय. गार वुड आणि हॅकर-क्राफ्ट ही नावेही तितकीच आदराने घेतली जातात. साठच्या दशकात फायबरग्लासचा प्रसार झाला आणि लाकडी नौका मागे पडल्या. अशी नौका पुन्हा पाण्यात उतरवणे हा छंद खरा. पण तिच्या तळाशी पाणी आणि इंजिनापाशी पेट्रोल असते. त्यामुळे कामाचा क्रम चुकल्यास केवळ पैसाच नव्हे, तर जीवही धोक्यात येतो.

खरेदीपूर्वीची तपासणी

पहिला प्रश्न मालकीचा. नौकेची कागदपत्रे प्रत्येक राज्याच्या नियमांनुसार ठरतात. ती नसतील तर व्यवहार थांबवणे श्रेयस्कर. कारखान्याने दिलेला नौकेचा क्रमांक शोधावा. ख्रिस-क्राफ्टचे जुने दप्तर व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथील ‘मरीनर्स म्युझियम’मध्ये जतन केलेले आहे. तेथील नोंदींवरून मूळ इंजिन आणि मूळ साजसज्जा यांचा माग काढता येतो.

दुसरा प्रश्न लाकडाचा. बुरशीला वाढण्यासाठी लाकडात सुमारे २० टक्क्यांहून अधिक ओलावा लागतो. त्यामुळे पावसाचे गोडे पाणी जेथे साचून राहते, तेथे कूज आधी सुरू होते. तळातील बरगड्यांची टोके, मागच्या उभ्या फळीचे कोपरे आणि नाळेचा पायथा ही तिची नेहमीची ठिकाणे. निरोगी लाकडावर हातोडीने हलके ठोकले असता खणखणीत आवाज येतो, तर कुजलेले लाकूड बद्द वाजते. बोथट दाभण सहज आत शिरले, तर तो भाग बदलावाच लागतो. टेकू चुकीच्या जागी दिल्यास वर्षानुवर्षांच्या भाराने तळ वाकतो. लांब सरळ पट्टी तळाला लावली की हा दोष उघड होतो.

तळाचे काम

अनेक जुन्या नौकांचा तळ फळ्यांच्या दोन थरांचा असतो आणि त्यांच्यामध्ये कॅनव्हासचा थर असतो. बरगड्या बहुधा ओक लाकडाच्या असतात. ओकमधील टॅनिनचा लोखंडाशी संयोग झाला की लाकडावर काळे डाग पडतात. पितळी स्क्रूंमधील जस्त कालांतराने निघून जाते आणि ते ठिसूळ होतात. म्हणून दुरुस्तीत सिलिकॉन-ब्राँझचे स्क्रू वापरतात.

कोरड्या जागी लाकूड आकसते आणि फळ्यांमध्ये फटी पडतात. पारंपरिक तळ पाण्यात फुगून स्वतःच फटी बुजवतो. मात्र त्यासाठी काही दिवस लागतात आणि तोवर उपसापंप चालू ठेवावा लागतो. या कोरड्या फटींमध्ये कडक भरणी ठासणे ही घोडचूक ठरते, कारण फुगणाऱ्या फळ्यांना जागा न उरल्याने बरगड्या मोडू शकतात. पॉलियुरेथेन चिकटद्रव्य वापरून नव्याने बांधलेल्या तळाला असे भिजवावे लागत नाही. परंतु त्यात मूळ रचना बदलते आणि पुढील दुरुस्ती अवघड होते.

जुना रंग खरवडताना योग्य मुखवटा वापरणे अनिवार्य आहे. १९७८ पूर्वीच्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. धूळ उडू न देता ओले घासावे आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

इंजिन आणि इंधन

बंद पडलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर देऊ नये. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये भेदक तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि मग इंजिन हाताने फिरवून पाहावे. आतले पाणी न काढता नौका हिवाळ्यात ठेवली गेली असेल, तर गोठलेल्या पाण्याने ब्लॉकला तडा गेलेला असू शकतो. ही तपासणी आधी करावी. जुन्या पेट्रोलचा चिकट थर टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये बसतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खराब करते, म्हणून त्या बदलाव्यात.

सर्वांत मोठा धोका आगीचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळाशी साचते. मोटारगाडीचे स्टार्टर आणि जनित्र स्वस्त पडतात. पण त्यांची ठिणगी बंदिस्त नसते, म्हणून नौकेत ते कदापि बसवू नयेत. २५ एप्रिल १९४० नंतर बसवलेल्या पेट्रोल इंजिनाच्या कार्ब्युरेटरवर ज्वालारोधक असणे अमेरिकी नियमांनुसार बंधनकारक आहे. वाफ बाहेर फेकणारा पंखा असल्यास तो किमान चार मिनिटे चालवूनच इंजिन सुरू करावे.

वॉर्निश आणि अखेरची जुळवणी

पाहणाऱ्यांचे लक्ष वेधते ती तुळतुळीत महोगनी. स्क्रूंवरील लाकडी बुच फळीच्या रेषांशी जुळवून बसवले जातात. त्यानंतर रंगद्रव्ययुक्त भरणी आणि तीवर वॉर्निशचे दहा ते पंधरा हात दिले जातात. हातांच्या मधल्या टप्प्यांत पृष्ठभाग हलका घासला जातो. मात्र ही चकाकी कुजलेला तळही लपवू शकते. म्हणूनच विकत घेणाऱ्याने वॉर्निशवर भाळू नये आणि दुरुस्त करणाऱ्याने त्यापासून आरंभ करू नये.

इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत आणण्याचे अंतिम काम नौका पाण्यात काही दिवस राहिल्यानंतरच करावे, कारण भिजलेल्या नौकेचा आकार किंचित बदलतो. त्यानंतर विमा उतरवताना उभयपक्षी ठरवलेल्या मूल्याची पॉलिसी घ्यावी; अन्यथा कागदोपत्री ही नौका केवळ जुनी, घसारा झालेली वस्तू ठरू शकते. पहिली फेरी किनाऱ्यालगत, वाऱ्याविना आणि अग्निशामक हाताशी ठेवून करावी. तळ कोरडा राहिला आणि इंजिनाचे तापमान स्थिर राहिले, तरच पुढचा पल्ला गाठावा.