असीरगडच्या पायथ्याची माती

भुसावळहून खांडव्याच्या गाडींत बसलें, म्हणजे तापी ओलांडल्यावर रावेर लागतें, पुढें जुन्या खानदेशची राजधानी बऱ्हाणपूर येतें, आणि त्याच्या उत्तरेस असीरगड उभा आहे. सन २०२५ च्या मार्चांत, संभाजीमहाराजांवरील एका चित्रपटानंतर, या गडाजवळच्या शेतांत मोंगलांच्या मोहरा पुरल्या आहेत अशी आवई उठली. आणि शेंकडों लोक रात्रीं दिवे, कुदळी व धातुशोधक यंत्रें घेऊन तीं शेतें उकरूं लागले.

त्यांस हंसणें सोपें आहे. परंतु जेथें फौज उतरते तेथें धातु सांडतो, ही गोष्ट खरीच आहे. हा गड अकबरानें १६०१ त घेतला. २१ ऑक्टोबर १८०३ रोजीं कर्नल स्टीव्हन्सननें, व एप्रिल १८१९ मध्यें डव्हटन व माल्कम यांनीं घेतला. एवढ्या सैन्यांच्या राहुट्या कोठें पडल्या, हाच खरा प्रश्न.

तट दगडांत टिकतो. छावणी टिकत नाहीं. तंबू उठले कीं चुलींची राख, घोड्यांचे नाल, शिशाच्या गोळ्या एवढेंच मागें राहतें. म्हणून शोध कागदापासून सुरू करावा: सेनापतींचीं पत्रें, त्यांतील तारखा व रोजच्या मजला. मग जमीन पाहावी: हजारों माणसें व जनावरें यांस पुरेल इतकें पाणी, चारा, तोफगाड्यांची वाट, आणि गडावरील तोफांच्या पल्ल्याबाहेरचें मैदान. केवळ नांवावर विसंबल्यास फसगत होते. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजीं छावणींत वारले, तें आमच्या रेल्वेवरचें रावेर नव्हे. तें नर्मदाकांठचें रावेरखेडी होय.

जागा सांपडली तरी घाई नको. अमेरिकेंत लिटल बिगहॉर्नच्या १८७६ च्या रणभूमीवर संशोधकांनीं १९८४ त हींच यंत्रें चालविलीं. पण प्रत्येक गोळीची जागा नकाशावर टिपली, आणि त्यावरून लढाई कशी सरकत गेली हें उलगडलें. उकरून खिशांत घातलेली गोळी मुकी होते. आपल्याकडेही दहा रुपयांहून अधिक मोलाचें गुप्तधन सांपडल्यास कलेक्टरास कळविलें पाहिजे, असा १८७८ चा कायदा आहे.

सेनापतींचीं नांवें पत्रांत राहिलीं. पखालवाले, बैल हांकणारे, भाकरी भाजणाऱ्या बाया यांची साक्ष मात्र त्या मातींतच आहे. मोहरेच्या लोभानें ती मोडली, तर ती पुन्हां कोणत्याही दप्तरांत मिळणार नाहीं.