खारीचे पदर

गेल्या ईद मिलनच्या कार्यक्रमात आमच्या शाळेतल्या मुलींनी खाद्यपदार्थांचे छोटेसे प्रदर्शन मांडले होते. शीरखुर्मा, दहीवडे, शामी कबाब अशा नेहमीच्या पदार्थांच्या रांगेत आठवीतल्या एका मुलीने वेगळेच ताट ठेवले. खारीच्या पिठाचे तळहाताएवढे चौकोन, चारी कोपरे आत दुमडलेले, मध्ये चीज आणि खजूर, त्यावर आटवलेल्या डाळिंबाच्या रसाचा गडद ठिपका आणि चार ताजे दाणे. तिचे वडील वीस वर्षांपासून बेकरीच्या भट्टीवर काम करतात. पीठ त्यांनीच लाटून दिले होते आणि पहाटेच्या खारीच्या पत्र्यांबरोबर हे चौकोनही भाजून आणले होते.

आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी ताटाकडे पाहून हसत म्हटले, "बेटा, ये तो विलायती चीज है. कुछ अपना लाना था ना."

बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसावे. पण थोड्या वेळाने त्या मुलीने ताट उचलले आणि टेबलाखाली सरकवून दिले. आम्ही शेजारीच उभे होतो. आम्ही इतिहास शिकवतो, तरी त्या क्षणी आम्हाला उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर सुचू लागले. तेच येथे लिहून काढीत आहोत.

पहिली गंमत 'विलायती' या शब्दातच आहे. 'विलायत' हा शब्द अरबी. त्याचा अर्थ हुकमत किंवा प्रांत. मुघलांच्या काळात इराण-तुराणच्या मुलखाला विलायत म्हणत. पुढे साहेबाचे राज्य आले आणि विलायत म्हणजे इंग्लंड असे ठरले. म्हणजे परके कोण, हे सांगायला वापरलेला शब्दच दूरदेशाहून आलेला आणि वाटेत पत्ता बदललेला. आज तो मराठीत इतका मुरला आहे की कुणी त्याला परका म्हणत नाही.

आता पदार्थाकडे येऊ. मैद्याच्या कणकेत लोण्याचा थर ठेवायचा, लाटायचे, घडी घालायची, पुन्हा लाटायचे. भाजताना कणकेतल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होते. ती बाहेर पडू पाहते, पण मधल्या तुपकट थरांमुळे कणकेचे पापुद्रे एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून वाफ एकेक पापुद्रा वर उचलते. इंग्रजीत याला पफ पेस्ट्री म्हणतात. नाताळच्या सुमारास इंग्रजी मासिकांतून फळे आणि चीज भरलेल्या अशा पेस्ट्रीची रंगीत चित्रे येतात. त्यामुळे हा पदार्थ साहेबाचा, असे वाटणे स्वाभाविक आहे.

युरोपात याचे श्रेय बहुधा फ्रेंचांना दिले जाते. क्लोद लोरँ या सतराव्या शतकातल्या चित्रकाराने तरुणपणी भटारखान्यात उमेदवारी करताना ही कणीक चुकून शोधली, अशी आख्यायिकाही सांगतात. आख्यायिका गोड आहे, पण खरी नाही. स्पेनचा दक्षिण भाग, म्हणजे ज्याला आपण अंदलुस म्हणतो, तेथल्या तेराव्या शतकातल्या एका अरबी पाकग्रंथात पदरांच्या पोळीची कृती आहे. ग्रंथकाराचे नाव आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. कणीक पातळ ताणायची, तिला स्निग्ध पदार्थ फासायचा, गुंडाळून पुन्हा थापायची, तव्यावर भाजायची आणि वर मध घालायचा, अशी ती रीत. त्या पदार्थाचे नाव 'मुवर्रका', म्हणजे पानापानांची. अरबीत 'वरक' म्हणजे पान.

उर्दूच्या वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला की मुली लगेच हात वर करतात. पुस्तकाचे पान तो वरक. मिठाईवर लावतात तो चांदीचा वर्ख, तोही तोच. पदर सुटलेला पराठा तो वरकी पराठा. अंदलुसच्या त्या पाकग्रंथातला शब्द सोलापूरच्या हलवायाच्या दुकानात रोज वापरला जातो.

त्याच अंदलुसमध्ये चीजचे एक पक्वान्न फार लोकप्रिय होते. अरबीत चीजला 'जुब्न' म्हणतात, म्हणून त्याचे नाव 'मुजब्बना'. चीज आणि कणीक यांचा तो तळलेला पदार्थ मध किंवा साखरेबरोबर खात. स्पॅनिश भाषेत तो शब्द 'अल्मोहाबाना' असा टिकून राहिला आणि स्पॅनिश लोकांबरोबर समुद्र ओलांडून दक्षिण अमेरिकेत गेला. तेव्हा कणकेत चीज घालून वर गोड घेणे ही कालपरवाची नवलाई नव्हे.

मेवा भरलेली कणीकही आपल्याकडे जुनी आहे. चौदाव्या शतकात दिल्लीला आलेल्या इब्न बतूताने सुलतानाच्या पंगतीतल्या समोशाचे वर्णन केले आहे. पातळ पोळीत गुंडाळलेला खिमा, त्यात बदाम, अक्रोड आणि पिस्ते. माळव्यात मांडूच्या दरबारात १५०० च्या सुमारास तयार झालेल्या 'निमतनामा' या सचित्र ग्रंथात समोशाच्या कितीतरी तऱ्हा आहेत. अबुल फझलच्या 'आईन-ए-अकबरी'तही हा पदार्थ आहे.

पण यावरून कुणी पदरांची विद्या अरबांनी किंवा तुर्कांनीच आणली असे म्हणू लागले, तर तेही आम्हाला पटणार नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, सोलापूरपासून फार लांब नाही. त्या ग्रंथातल्या पक्वान्नांत 'मंडक' आहे, म्हणजे आपले मांडे. कागदासारखी पातळ पोळी करून तिच्या घड्या घालणे येथल्या हातांना तेव्हाही येत होते. आणि दिवाळीचे चिरोटे पाहा. पोळीवर पोळी ठेवायची, मध्ये तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावायचा, गुंडाळी करून कापायची, लाटायची आणि तळायची. तळताना एकेक पदर फुलासारखा उमलतो. शेजारच्या काकूंच्या साट्यात आणि बेकरीतल्या उस्तादांच्या लोण्याच्या थरात तत्त्व एकच आहे, दोन पापुद्र्यांत तुपाचा पडदा. एकाने दुसऱ्याकडून घेतले की दोघांना वेगवेगळे सुचले, याचा निवाडा करण्याची आम्हाला गरज वाटत नाही.

भट्टीची वाट मात्र वेगळी. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला आणि त्यांचा 'पांव' आपला पाव झाला. देशावरच्या अनेक गावांत पाव आणि बिस्किटे छावणीच्या आणि रेल्वेच्या मागोमाग आली. सोलापूरला इंग्रजांची छावणी होती. आजही त्या भागाला लष्कर म्हणतात. रेल्वे १८६० मध्ये आली. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी काढलेली जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि मग एकामागून एक भोंगे वाजू लागले. पाळीवर जाणाऱ्या माणसाला घाईच्या वेळी चहाबरोबर काहीतरी कोरडे, टिकाऊ आणि स्वस्त हवे असते. खारी, टोस्ट, बटर हे असे खाणे. विलायती पफ ताजा असताना खातात. आपल्या बेकरीवाल्यांनी त्यात मीठ वाढवले आणि मंद आचेवर आतपर्यंत कोरडा होईस्तोवर भाजला, म्हणजे तो डब्यात आठ-आठ दिवस राहील आणि चहात बुडवता येईल. नावही चवीवरून साधे सरळ ठेवले, खारी.

यात येथल्या हवेचाही हात आहे. लोणी ३५ अंशांच्या आसपास वितळते आणि सोलापूरचा उन्हाळा ४० च्या वर जातो. लोणी लाटता लाटता वितळले की ते कणकेत जिरते आणि पदर मरतात. फ्रान्सच्या थंड तळघरात जे सहज जमते, ते येथे भर दुपारी जमत नाही. म्हणून आपले कारागीर खारीचे पीठ रात्री किंवा पहाटे लाटत आले. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. वनस्पती तूप लोण्यापेक्षा उशिरा वितळते आणि स्वस्तही पडते. बेकरीवाल्यांची मोठी अडचण दूर झाली आणि खारी गरिबाच्या चहापर्यंत पोहोचली. त्याची किंमत पुढे कळली. तेल गोठवून वनस्पती करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होते आणि ते हृदयाला घातक असते. जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यतेल आणि तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. खारीतले तूप अशा रीतीने शंभर वर्षांच्या आत दोनदा बदलले आणि खारी मात्र खारीच राहिली.

आमच्या लहानपणी बेकरीशी आमचे नाते ईदच्या आधीच्या आठवड्यात जुळत असे. घरातून मैदा, पिठीसाखर, तूप आणि वेलची घेऊन दादी आम्हाला बेकरीत पाठवायची. तेथे नानकटाईसाठी नंबर लागलेले असत. प्रत्येकाच्या पत्र्यावर नावाची चिठ्ठी. इफ्तारनंतर रात्री उशिरापर्यंत आम्ही भट्टीसमोरच्या बाकावर बसून राहायचो. "अपने पत्रे आए क्या, देख के आ," असे दादीचे निरोप दर अर्ध्या तासाने येत. दिवाळीच्या आधी त्याच बाकावर शेजारच्या घरांतली मुले बसलेली असत, त्याच पत्र्यांची वाट पाहत. नान म्हणजे फारसीत रोटी आणि 'खताई'चे नाते काही जण 'खता' या चीनच्या जुन्या फारसी नावाशी जोडतात. बाकावरच्या कुणालाच तेव्हा हे ठाऊक नव्हते. आमचा पत्रा दुसऱ्याच्या घरी जाऊ नये, एवढीच काळजी असायची.

आता त्या मुलीच्या ताटाकडे परत जाऊ. तिच्या वडिलांना आम्ही नंतर भेटलो आणि पहाटे त्यांचे काम पाहिले. पीठ लांबट लाटून त्याची तीन पदरी घडी घालायची, थोडा वेळ विसावा द्यायचा, वळवून पुन्हा लाटायचे. असे सहा वेळा. आम्ही शाळेत येऊन फळ्यावर गुणाकार मांडला. तीन, नऊ, सत्तावीस, एक्क्याऐंशी, दोनशे त्रेचाळीस, सातशे एकोणतीस. बोटभरही जाडी नसलेल्या तुकड्यात लोण्याचे ७२९ थर. ज्या शहरात चादरीची घडी घालणे ही पोटापाण्याची विद्या आहे, त्या शहरातल्या मुलींना हे समजावायला वेळ लागला नाही. मधला विसावा कशासाठी, असे एकीने विचारले. मैद्यातला चिकटपणा ताणल्यावर रबरासारखा मागे येतो, तो सैल पडावा म्हणून. घाई केली की लोण्याचा थर फाटतो.

ताटातले डाळिंब तर आमच्याच जिल्ह्याचे. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या कोरड्या तालुक्यांनी डाळिंबावर संसार उभे केले. २००५ मध्ये डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरातच सुरू झाले आणि सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कच्चे दाणे आत भरले तर पाणी सुटून तळ ओला राहतो, पदर फुलत नाहीत. म्हणून त्या बापलेकींनी रस आटवून घट्ट केला आणि ताजे दाणे भाजल्यावर वर ठेवले. चीज थोडेच घातले, तेही मधोमध, कडेला न लावता, नाहीतर ते वितळून बाहेर येते आणि पत्र्यावर करपते. खजुराची गोडी, चीजचा खारेपणा आणि डाळिंबाचा आंबटपणा यांचे प्रमाण त्यांनी चार वेळा बदलून पाहिले होते, असे त्यांनी सांगितले. हे कुठल्या मासिकात पाहिले का, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "सर, चित्र पोरीने मोबाइलवर दाखवले. चित्रात कसली कसली फळे होती. आपल्याकडे डाळिंब आहे, म्हणून डाळिंब घातले."

आम्हाला वाटते, इतिहासात बहुतेक पदार्थ असेच जन्मले असावेत. चित्र, चव किंवा शब्द बाहेरून येतो. हात, हवा आणि फळ येथले असते. कोणती गोष्ट कुणाची, हे तिच्या पहिल्या गावावरून ठरवायचे की आज ती ज्याच्या हातातून उतरते त्याच्यावरून? आमच्या शहराचा भुईकोट किल्ला १५६० च्या दशकात अहमदनगरच्या निजामशाहीने चांदबिबीच्या लग्नात विजापूरच्या आदिलशाहीला आंदण दिला. किल्ल्याचे धनी कितीदा बदलले, पण किल्ला कुणाचा म्हटले तर आपण सोलापूरचा म्हणतो. कारण तो येथल्या मातीवर उभा आहे आणि येथली मुले त्याच्या बागेत खेळतात.

त्या पाहुण्यांना हे सारे सांगण्याची संधी आता मिळणार नाही. मुलीला मात्र सांगितले. चांगला तासभर लागला, कारण ती मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती. अंदलुस नकाशात कुठे, मांडे अजून कोण करते, दादीची नानकटाई खुसखुशीत होती का. शेवटी तिने विचारले, "सर, मग पुढच्या वेळी ताटासमोरच्या चिठ्ठीवर काय लिहू?"

आम्ही म्हणालो, "पदार्थाचे नाव लिही. खाली अब्बांचे नाव लिही."