वकिलाचे बिऱ्हाड

जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स १८०९ साली अमेरिकेचे वकील (जुन्या दरबारी अर्थाने) म्हणून रशियास गेले. थोरले दोघे मुलगे मायदेशीच राहिले. दोन वर्षांचा चार्ल्स तेवढा सोबत होता. सेंट पीटर्सबर्ग येथे १८११ मध्ये कन्या झाली, ती पुढल्याच वर्षी गेली. १८१४ मध्ये अ‍ॅडम्स इंग्लंडशी तह करण्यासाठी गेंटला गेले. तह होताच त्यांनी पत्नी लुईझा यांना पॅरिसला बोलाविले. लेकीचे थडगे मागे ठेवून, चार्ल्सला घेऊन त्या फेब्रुवारी १८१५ मध्ये निघाल्या. चाळीस दिवसांचा प्रवास, बर्फातून आणि युद्धाने उजाड झालेल्या मुलखातून! फ्रान्समध्ये नेपोलियनच्या सैनिकांनी रशियन गाडी पाहून त्यांना अडविले; तेथे अस्खलित फ्रेंच कामी आले. बदल्यांपायी बिऱ्हाडे हलविलेल्या आम्हांस तहापेक्षा हा प्रवासच मोठा वाटतो. थोरले मुलगे भेटले ते मे १८१५ मध्ये, लंडनला, जवळजवळ सहा वर्षांनी.