वसईची भग्न चर्चे : भिंती पडल्या, मंडळी राहिली

हुबळीच्या गोकुळ रोडने जाताना दोन्ही बाजूंना सतत चाललेली नवी बांधकामे आम्ही पाहतो, तेव्हा मनात एक प्रश्न येतो. वाढत्या शहराने जुन्या पडक्या भिंतींचे काय करावे? त्या पाडाव्यात, पुन्हा बांधाव्यात, की पडक्या स्थितीतच जपाव्यात? आणि ती भिंत युद्धात भंगलेल्या चर्चची असेल, तर तिच्यापुढे उभे राहून धर्मशिक्षकाने मुलांना काय सांगावे? हा दुसरा प्रश्न मराठी ख्रिस्ती मंडळीला परका नाही. वसईच्या किल्ल्यात तो दगडांच्या रूपाने उभा आहे.

ह्या प्रश्नाचे एक उत्तर बर्लिन शहराने दिले आहे. तेथील कैसर विल्हेल्म स्मारक चर्च १८९५ मध्ये पूर्ण झाले. सम्राट पहिला विल्हेल्म ह्याच्या गौरवार्थ ते बांधले होते. नोव्हेंबर १९४३ मधील हवाई हल्ल्यात ते उद्ध्वस्त झाले व ११३ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा सुमारे ७१ मीटरांचा भाग तेवढा उरला. युद्धानंतर वास्तुशिल्पी एगोन आयरमान ह्यांनी अवशेष काढून टाकून सर्वस्वी नवे चर्च बांधण्याची योजना मांडली. नागरिकांनी तिला तीव्र विरोध केला. म्हणून भग्न मनोरा मध्ये ठेवून त्याच्या शेजारी १९६१ मध्ये निळ्या काचांचे नवे प्रार्थनामंदिर उभे राहिले. आज दुकाने व उंच इमारती ह्यांच्या गर्दीत तो तुटका मनोरा तसाच आहे. शत्रूच्या बॉम्बचा पुरावा एवढाच त्याचा अर्थ नाही. सिंहासनाच्या गौरवासाठी वेदी उभारली की काय होते, हेही तो सांगतो.

आता वसईकडे वळू. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढील दोन शतकांत तटाच्या आत एक संपन्न नगर वसले. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन ह्या संघांनी तेथे चर्चे व मठ बांधले. संत जोसेफचे चर्च हे नगराचे मुख्य चर्च. १६०१ मध्ये, आर्चबिशप आलेक्सो दे मेनेझेस ह्यांच्या कारकिर्दीत, त्याची पुनर्रचना झाल्याचा लेख त्याच्या दाराशी कोरलेला आहे. १५९९ ची उदयम्पेरूरची धर्मपरिषद भरविणारे मेनेझेस ते हेच. जेझुइटांच्या येशूनाम चर्चशी वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्याचे नाव जोडलेले आहे. १५९७ मध्ये जपानातील नागासाकी येथे क्रुसावर रक्तसाक्षी होऊन त्याने प्राण दिला. १८६२ मध्ये रोमने त्याला संतपद दिले.

ह्या नगरावर १७३९ मध्ये युद्ध आले. १७३७ मध्ये ठाणे व साष्टी मराठ्यांच्या हाती गेली होती. फेब्रुवारी १७३९ पासून चिमाजी आप्पांनी वसईला निकराचा वेढा घातला. तटाखाली सुरुंग पेरले गेले, बुरूज ढासळले, मराठ्यांची फार मोठी प्राणहानी झाली आणि मे महिन्यात किल्ला शरण आला. शरणागतीच्या अटी उदार होत्या. शिबंदीला सन्मानाने व कुटुंबकबिल्यासह जाऊ दिले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या उपासनेसाठी काही चर्चे राखण्याची तरतूदही तहात होती. म्हणून १७३९ चा इतिहास हा केवळ ख्रिस्ती धर्मावरील घाल्याचा इतिहास आहे, असे सांगणे सत्याला धरून होणार नाही.

युद्धाची झळ चर्चांना लागली नाही, असेही म्हणता येणार नाही. घंटा विजयचिन्ह म्हणून गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे साल आहे, भीमाशंकरच्या घंटेवर १७२९, तर वाईजवळील मेणवलीच्या घंटेवर १७०७. ह्या घंटा वसईच्या मोहिमेतून आल्या असे परंपरा मानते. पुढे डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्डच्या इंग्रजी तोफांनी हाच किल्ला पुन्हा फोडला. परंतु नगर ओसाड होऊन छपरे पडली, झाडांची मुळे भिंतींत शिरली, ती दीर्घ उपेक्षेमुळे. १८७६ मध्ये डॉ. गेर्सन दा कुन्या ह्यांनी चौल व वसईच्या पुरातन वास्तूंवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो भग्न नगराचाच वृत्तान्त होता. तोफेने जे एका ऋतूत केले, त्याहून अधिक काम न राहत्या घराने शतकभर केले.

येथे आम्हांस एक कबुलीही दिली पाहिजे. ज्या सत्तेने ही चर्चे बांधली, तिने इतरांची देवस्थाने राखली नाहीत. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरच्या शैव लेण्यात सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी प्रार्थनालय केले व लेण्याच्या माथ्यावर मठ उभारला. मराठ्यांच्या विजयानंतर तो मठही ओस पडला. आज त्याच्या उघड्या भिंती मुंबईच्या दाट वस्तीत, इमारतींच्या वेढ्यात उभ्या आहेत. खाली लेण्यात शिव आहे, वर वेदीविना भिंती आहेत. एकाच टेकडीवर दोन समाजांच्या जखमा एकमेकींवर रचल्या गेल्या आहेत. आपण एकच जखम दाखविली व दुसरी झाकली, तर तो इतिहास न राहता फिर्याद होते. यिर्मयाने मंदिराच्या दाराशी उभे राहून आपल्याच लोकांना हेच बजावले होते : अन्याय करून मंदिराच्या नावाचा आश्रय घेऊ नका.

मग १७३९ मध्ये काय संपले आणि काय राहिले? तटाच्या आतील सत्ताधाऱ्यांची वेदी संपली. तटाबाहेर रमेदी, सांडोर, नंदाखाल ह्या गावांतले शेतकरी, बागाईतदार व कोळी ख्रिस्ती राहिले. सत्ता गेली, तिच्याबरोबर मिळणारे लाभ गेले, तरी त्यांनी श्रद्धा सोडली नाही. गोव्याहून आलेल्या एतद्देशीय धर्मगुरूंनी त्यांची सेवा केली. जे चर्च राजाच्या आधाराने उभे होते ते पडले. जे घरातील प्रार्थनेच्या आधाराने उभे होते ते तगले. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तो ह्या माणसांच्या वंशजांचा. ह्याच मंडळीतून आलेले धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. ज्या मराठी मुलखाने वसईचा तट फोडला, त्याच मुलखाच्या भाषेत वसईचा धर्मगुरू मानाच्या आसनावर बसला. ह्याहून सुंदर समेट कोणता शिल्पकार घडवू शकेल?

म्हणून धर्मशिक्षकांना आमची विनंती आहे. वसईचे वर्गातील मूल शाळेत १७३९ चा विजय शिकते आणि रविवारी पडक्या चर्चच्या अंगणात जाते. त्याच्या मनात ‘आपण कोणाचे?’ हा प्रश्न येतो. त्याला चुकवू नका. त्याला सांगा की चिमाजी आप्पांचे शौर्यही आपल्या इतिहासाचे आहे आणि गोन्सालो गार्सियाचे मरणही आपलेच आहे. नहेम्याने यरुशलेमेचा तट रात्री फिरून पाहिला, तो दोष कोणाचा हे ठरविण्यासाठी नव्हे, तर पुढे काय बांधावयाचे हे जाणण्यासाठी. तसेच आपणही पाहावे.

किल्ल्याभोवती आज वसई-विरार शहर वाढत आहे. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली ह्या भिंती उभ्या आहेत. त्या तशाच भग्न जपल्या जाव्यात, असे आम्हांस वाटते. पेत्राने विश्वासणाऱ्यांना जिवंत धोंडे म्हटले. हे निर्जीव धोंडे आपल्याला त्या जिवंत धोंड्यांची आठवण देत राहोत.