कैलासाचे कव्हर

नव्या मोबाइलला कव्हर लावावे, की त्याचे मूळ रूप उघडेच मिरवावे? हा वाद मनात घेऊन वेरूळच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात जावे. राष्ट्रकूट नृपती पहिला कृष्ण याच्या काळातले, आठव्या शतकातले हे कैलास मंदिर. त्याच्या उघड्या, काळ्या पाषाणावरच आपण भाळतो. शिल्पींनी मात्र ते तसे सोडलेच नव्हते. पाषाणावर पांढरा गिलावा होता, त्यावर रंग. त्याचे तुकडे आजही शाबूत आहेत, आणि ‘रंगमहाल’ हे जुने नाव त्याचीच आठवण.

जवळच्या १२ क्रमांकाच्या बौद्ध लेण्यातील मातीच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे अंश सापडले. कीड दूर राहावी म्हणून ते मिसळले असावेत, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. कव्हर असावे तर असे!

कारण सगळीच आवरणे राखणदार नसतात. निजामाच्या राजवटीत, १९२० च्या सुमारास, इटालियन तज्ज्ञांनी अजिंठ्याच्या चित्रांवर लाखेचे व्हार्निश चढवले. हेतू रक्षणाचाच होता. पुढे तो थर पिवळा पडला, मूळ रंग झाकोळले, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो हळूहळू उतरवत बसावे लागले.