भरणद्रव्ये, ओतीव लोखंडाची

ओतीव लोखंडाच्या (बिडाच्या) वस्तूंच्या पृष्ठभागावरील खळगे, छिद्रे व खडबडीतपणा बुजविण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या द्रव्यांना भरणद्रव्ये म्हणतात. लाकडाला रंग देण्यापूर्वी भरतात त्या लांबीसारखेच त्यांचे कार्य असते. ती वस्तूचे रूप सुधारतात. तिचे बल वाढवीत नाहीत. या भेदाचे महत्त्व एकोणिसाव्या शतकातील एका पुलाच्या चौकशीत प्रकर्षाने पुढे आले.

दोषांची कारणे : साच्यातील वाळूत ओलावा अधिक असल्यास वाफ होऊन ती रसात अडकते व वायुछिद्रे राहतात. वाळूचे कण वा मळी रसात मिसळल्यास खळगे पडतात. रस थिजताना आकुंचन पावतो, त्यामुळे जाड भागात पोकळी निर्माण होते. पोकळ खांबाच्या साच्यातील गाभा सरकल्यास एका बाजूची भिंत पातळ होते. यांपैकी पृष्ठभागावर उघडे पडणारे दोषच काय ते भरणद्रव्याने झाकता येतात. [⟶ ओतकाम].

जुनी भरणद्रव्ये : यंत्रांच्या बैठकांसाठी जवसाचे तेल, खडूची पूड व सफेता यांचा लगदा वापरीत. त्याचे थर देऊन व घासून पृष्ठभाग गुळगुळीत झाल्यावर रंग देत. नळांच्या व बाष्पयंत्रांच्या सांध्यांसाठी लोखंडाचा कीस, नवसागर व थोडे गंधक यांचे ओले मिश्रण ठासून भरीत. कीस गंजून फुगला, की सांधा घट्ट होई. ब्रिटनमधील ओतशाळांत ‘बोमाँट्स एग’ या नावाचे मिश्रण प्रचारात होते. मधमाश्यांचे मेण, राळ, लोखंडाचा बारीक कीस व थोडी काजळी एकत्र वितळवून ते करीत. तापवून छिद्रात भरलेले हे मिश्रण थंड झाल्यावर घासले, की त्याचा रंग बिडासारखा दिसे आणि दोष नजरेस पडत नसे. मेण सुमारे ६३° से. तापमानालाच वितळते, यावरून या भरणाच्या बलाची कल्पना येते.

टे पुलाचा अपघात : स्कॉटलंडमधील डंडी शहराजवळ टे नदीच्या खाडीवर टॉमस बाउच यांनी आखलेला सुमारे ३ किमी. लांबीचा रेल्वे पूल १ जून १८७८ रोजी प्रवासी वाहतुकीस खुला झाला. त्याच्या उंच गाळ्यांखालील खांब ओतीव लोखंडाच्या स्तंभांचे असून ते घडीव लोखंडाच्या तिरप्या दांड्यांनी परस्परांना जोडलेले होते. बरेच स्तंभ दक्षिण तीरावरील वर्मिट येथील तात्पुरत्या ओतशाळेत ओतले होते. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात सर्व १३ उंच गाळे आगगाडीसह पाण्यात कोसळले. गाडीतील कोणीही वाचले नाही. त्या वेळी मृतांची संख्या ७५ मानली गेली. पुढील संशोधनात ५९ मृतांची नावे निश्चित झाली.

रॉदरी, योलंड व बार्लो यांच्या चौकशी न्यायालयापुढे वर्मिटच्या कामगारांनी स्तंभांतील छिद्रे ‘बोमाँट्स एग’ने बुजविल्याच्या साक्षी दिल्या. पुलाच्या देखरेखीवरील निरीक्षकाने ढिले झालेले सांधे लोखंडाचे तुकडे ठोकून बसविले व ते बाउच यांना कळविले नव्हते, हेही उघड झाले. मात्र भरणद्रव्य हे पूल पडण्याचे प्रत्यक्ष कारण नव्हते. तिरप्या दांड्या ज्यांना जोडल्या होत्या, ते स्तंभांबरोबरच ओतलेले कान अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी भाराला तुटतात, असे डेव्हिड कर्कल्डी यांच्या चाचण्यांत आढळले. वाऱ्याच्या दाबाचाही पुरेसा विचार आराखड्यात झालेला नव्हता. १८८० मधील आपल्या अहवालात रॉदरी यांनी पुलाचा आराखडा, बांधणी व देखभाल या तिन्ही गोष्टी सदोष ठरविल्या. भरलेली छिद्रे ही यांपैकी बांधणीतील हलगर्जीपणाची साक्ष होती : भरण केल्यामुळे दोष नाहीसा होत नसे, तो ओळखण्याची संधी मात्र नाहीशी होई. १८८७ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टे पुलाच्या खांबांच्या वरच्या भागासाठी घडीव लोखंड वापरण्यात आले.

नंतरची प्रगती : ताणाखालील पत्र्यात वर्तुळाकार छिद्र असल्यास त्याच्या कडेवरील प्रतिबल सर्वसाधारण प्रतिबलाच्या तिप्पट होते, हे किर्श यांनी १८९८ मध्ये गणिताने दाखविले. छिद्रात मऊ पदार्थ भरल्याने ही वाढ जवळजवळ कमी होत नाही. बीड दाबाला चांगले तोंड देते, परंतु ताणाखाली ते ठिसूळ असल्याने एकाएकी तुटते. म्हणून त्यात ही गोष्ट विशेष घातक ठरते. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला व १९२२ पासून अमेरिकेतील वॉटरटाउन शस्त्रागारात ओतीव वस्तूंच्या तपासणीसाठी त्यांचा पद्धतशीर वापर सुरू झाला. त्यामुळे वस्तू न तोडता आतील पोकळ्या दिसू लागल्या. मेणासारखे हलके भरणही लोखंडाहून कमी घनतेमुळे वेगळे उठून दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर लोखंडाची पूड मिसळलेली एपॉक्सी रेझिने प्रचारात आली. ती मेणापेक्षा पुष्कळच बळकट असून पृष्ठभागाला उत्तम चिकटतात, तरी बिडाची जागा घेऊ शकत नाहीत. यंत्रांची आवरणे, जाळ्या, शोभेचे खांब इत्यादींवर भरण करणे हे रास्त कारागिरीचे काम आहे. भार वाहणाऱ्या भागात मात्र दोषाची नोंद करून तो भाग बाद करणे किंवा वितळजोड करून पुन्हा तपासणे, हाच योग्य मार्ग होय.