ग्रीसच्या डोंगरातलं शांत गाव हवंय? आधी लांजा तालुक्यातलं माचाळ बघा

इन्स्टाग्रामवर ग्रीसचे रील्स बघितले असतील. डोंगरात दगडी घरं, अंगणात खुर्ची टाकून बसलेला माणूस, समोर धुकं आणि कसलाही आवाज नाही. असं कुठेतरी चार दिवस पडून राहावं, असं कुणालाही वाटेल. पण तिकडे जायचं म्हणजे व्हिसा, विमान आणि लाखाच्या घरातला खर्च.

रत्नागिरी जिल्ह्यात असंच एक गाव आहे, माचाळ. रत्नागिरी म्हटलं की आपल्याला आंबा आणि समुद्र आठवतो, त्यामुळे डोंगरावरचं हे गाव नजरेतून सुटतं.

माचाळ नेमकं कुठे आहे?

लांजा तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्याजवळ. पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातला विशाळगड. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज पोहोचले, तोच हा गड. माचाळहून तिकडे जायला डोंगरातली पायवाट आहे.

मुचकुंदी नदी याच परिसरात उगम पावते आणि पूर्णगडाजवळ अरबी समुद्राला मिळते. नदीला नाव मिळालं मुचकुंद ऋषींवरून. पाठलाग करणाऱ्या कालयवनाला चकवत श्रीकृष्ण गुहेत शिरले आणि झोपलेल्या मुचकुंदावर आपला शेला टाकला. कालयवनाने कृष्ण समजून त्याला लाथ मारली, मुचकुंदाने डोळे उघडले आणि कालयवन भस्म झाला. ती गुहा इथलीच, असं इथे मानतात. हीच कथा गुजरातेत गिरनारबद्दलही सांगतात.

मग हे गाव इतकं शांत कसं राहिलं?

कारण बरीच वर्षं गावापर्यंत गाडीरस्ताच नव्हता. बाजार, दवाखाना, पुढची शाळा, सगळ्यासाठी डोंगर उतरायचा आणि परत चढायचा. आजारी माणसाला डोलीत घालून खाली आणायचं. आपल्याला फोटोत जी शांतता दिसते, तिची किंमत गावकऱ्यांनी अशी मोजलेली आहे. गेल्या काही वर्षांत रस्ता वर पोहोचला आणि त्याच रस्त्याने पर्यटकही यायला लागले.

ग्रीसमध्ये काय झालं?

वायव्य ग्रीसमध्ये पिंडस पर्वतरांगेत झागोरी नावाचा भाग आहे. दगडी घरं, दगडी पाट्यांची छपरं, कमानीचे पूल. विसाव्या शतकात तिथली माणसं शहरांकडे आणि परदेशी गेली, गावं रिकामी पडत गेली. पुढे जुन्या घरांत छोटी अतिथीगृहं सुरू झाली, नवं बांधकामही जुन्याच पद्धतीने करायचे नियम आले. २०२३ मध्ये युनेस्कोने झागोरीला जागतिक वारसा यादीत घेतलं.

कोकणातल्या गावांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. पोरं मुंबईला, घराला कुलूप, गणपती-शिमग्याला तेवढी वर्दळ. पर्यटनाचा पैसा गावातल्याच घरात राहिला तर एखादं कुलूप उघडू शकतं. पण बाहेरच्याने जमीन घेऊन रिसॉर्ट उभं केलं, तर गावकऱ्याच्या वाट्याला फार तर तिथली नोकरी येते. घरगुती मुक्कामासाठी राज्यात न्याहारी-निवास योजना आहे, २०२० पासून कृषी पर्यटन धोरणही आहे. त्यामुळे गावकऱ्याला स्वतःच्या घरात पाहुणे ठेवायची वाट खुली आहे.

जायचं कसं आणि कधी?

रत्नागिरीहून लांजा साधारण ४० किलोमीटर, मुंबई-गोवा महामार्गावर. तिथून प्रभानवल्ली आणि खोरनिनकोमार्गे वर. खोरनिनकोचं धरण वाटेतच लागतं, पावसाळ्यात त्याच्या पायऱ्यांवरून पडणारं पाणी बघायला गर्दी असते.

पावसाळ्यात वर दाट धुकं असतं. दिसायला भारी, पण घाटात गाडी जपून चालवा आणि कड्याच्या टोकाशी जाऊ नका. लांबचे डोंगर बघायचे, निवांत चालायचं, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

जाण्याआधी एवढं लक्षात ठेवा

- राहायची-जेवायची सोय आधी विचारून ठेवा. ऐनवेळी दहा जण दारात उभे राहिलात, तर घरच्या बाईची धांदल होते.
- जे शिजेल ते जेवा. भाकरी, कुळथाची पिठी, भात. मेन्यू कार्ड मागू नका.
- पाणी जपून वापरा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण तीव्र उतारावरून तो वाहून जातो. उंचावरच्या वाड्यांना उन्हाळ्यात टंचाई सोसावी लागते.
- गाडीतला स्पीकर बंद ठेवा, बाटल्या आणि पिशव्या परत घेऊन या.
- नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. घरी आधीच कळवून ठेवा.

आणि जमलं तर एक तरी रात्र राहा. सकाळी येऊन रील काढून दुपारी उतरलात, तर गावाला मिळतो तो फक्त गाडीचा धूर. मुक्काम केलात तर निदान दोन वेळच्या जेवणाचे पैसे एका घरात जातात, आणि ज्या शांततेसाठी आलात ती रात्री अंगणात बसल्यावर मिळते.